पोट लहान केल्यावर



जठर म्हणजे काय, असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेक जण चटकन सांगतील, "अन्न साठवण्याची आणि घुसळण्याची पिशवी." उत्तर चुकीचे नाही. मोठ्या माणसाने पोटभर जेवण केले की ही पिशवी ताणली जाते आणि तिच्यात सुमारे एक ते दीड लिटर ऐवज मावतो. आता समजा, या पिशवीला शिवण घालून ती लहान केली, तर काय होईल? माणसाला कमी जेवण जाईल आणि त्याचे वजन उतरेल. अतिलठ्ठ रुग्णांच्या पोटावर शस्त्रक्रिया करण्यामागे सुरुवातीला असाच सरळ विचार होता.

परंतु पुढे एक कोडे उभे राहिले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल या गावी वॉल्टर पोरिस नावाचे शल्यचिकित्सक अशा शस्त्रक्रिया करीत असत. त्यांच्या रुग्णांपैकी १४६ जणांना प्रौढपणी जडणारा मधुमेह होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांतील १२१ जणांच्या रक्तातील साखर नेहमीच्या पातळीवर आली आणि तशीच टिकली. यातील नवल असे की, पुष्कळ रुग्णांची साखर काही दिवसांतच उतरली. इतक्या थोड्या दिवसांत वजन कितीसे घटणार? सन १९९५ मध्ये पोरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा निबंधाच्या मथळ्यातच 'असे होईल असे कोणाला वाटले असते?' अशा अर्थाचा प्रश्न होता.

शस्त्रक्रिया झाली पोटावर, मग मधुमेह का बरे हटला? केवळ पिशवी लहान झाल्याने हे घडावे का? या प्रश्नाचा माग काढत गेलो, की शरीराच्या आणि मनाच्या अनेक गोष्टी उलगडतात. चला, क्रमाक्रमाने पाहू.

लठ्ठपणा मोजायचा कसा?

प्रथम मोजमाप. एखादा मनुष्य ९० किलोग्रॅम वजनाचा आहे, एवढ्यावरून तो लठ्ठ आहे की नाही हे ठरत नाही; त्याची उंचीही ठाऊक हवी. बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात यासाठी एक सोपे गुणोत्तर सुचविले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. (काटेकोर बोलायचे तर 'वस्तुमान' म्हणायला हवे, पण येथे आपण व्यवहारातला शब्द वापरू.) १९७२ पासून या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स', थोडक्यात 'बीएमआय' हे नाव रूढ झाले. उंची १.६ मीटर आणि वजन १०० किलोग्रॅम असेल तर १०० भागिले २.५६, म्हणजे बीएमआय सुमारे ३९ होतो.

१९९१ साली अमेरिकेत असे ठरले की, बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ च्या वर असून लठ्ठपणामुळे होणारा एखादा गंभीर विकारही असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या मर्यादा खाली आणल्या गेल्या, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर २७.५ च्या पुढेही विचार करावा असे सुचविण्यात आले.

आशियाई लोकांसाठी वेगळी रेघ का? याचे एक सुंदर उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि आकडे छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! तराजू आणि मोजपट्टी मेद व स्नायू यांत फरक करीत नाहीत. भारतीयांच्या अंगात त्याच बीएमआयला मेद अधिक असतो, म्हणून धोक्याची पातळीही लवकर येते.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. वरील सर्व आकडे प्रौढांसाठी आहेत. वाढत्या वयाच्या मुलामुलींना ते जसेच्या तसे लावू नयेत. त्यांच्यासाठी वय आणि लिंग यांनुसार वेगळे तक्ते असतात.

एका पोळीचा हिशोब

आता थोडे अंकगणित करू. एक किलोग्रॅम चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जेचा साठा. ज्यूलमध्ये सांगायचे तर सुमारे ३ कोटी २२ लाख ज्यूल. आपले स्नायू खर्च झालेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथ्या हिश्शाएवढे काम करून दाखवतात; उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. यावरून ६० किलोग्रॅमच्या माणसाने केवळ चढण चढून एक किलो चरबी खर्च करायची, तर त्याला किती उंच जावे लागेल ते काढा. उत्तर सुमारे १३,७०० मीटर येते. म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टचे शिखर गाठून पुन्हा त्याच्या निम्म्याहून अधिक चढायचे! वजन उतरवायला वेळ का लागतो, हे एवढ्यावरूनच कळते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. समजा, एखाद्याने रोज गरजेपेक्षा एकच तूप लावलेली पोळी जास्त खाल्ली. तिची ऊर्जा ढोबळमानाने १०० किलोकॅलरी धरू. वर्षाच्या झाल्या ३६,५००. त्याला ७,७०० ने भागले तर वर्षाला पावणेपाच किलो वजन वाढले पाहिजे आणि वीस वर्षांत ९५ किलो! पण असे कुठे होताना दिसते? रोजचे जेवण कोणीच पोळीच्या तुकड्यापर्यंत मोजून घेत नाही, तरीही बहुतेकांचे वजन वर्षानुवर्षे फारसे हलत नाही.

मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खोटा ठरला का? मुळीच नाही. आपण गृहीत धरलेली एक गोष्ट चुकली. भूक आणि ऊर्जेचा खर्च या दोन्ही राशी स्थिर असतात असे आपण मानले. प्रत्यक्षात वजन वाढले की शरीर चालवायला ऊर्जाही अधिक लागते. शिवाय शरीर भूक आणि खर्च यांचे मेळ घालीत असते. इस्त्रीत जसा थर्मोस्टॅट असतो, तापमान वाढले की वीज तोडणारा आणि उतरले की जोडणारा, तशीच काहीशी व्यवस्था मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात आहे.

या व्यवस्थेला वार्ता कोण पोहोचवतो? १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लेप्टिन' या संप्रेरकाचा जनुक शोधून काढला. लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवते आणि 'साठा पुरेसा आहे' हा निरोप मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू 'साठा संपत चालला' असे समजून भूक वाढवतो व खर्च आवरतो. १९९९ साली जपानमधील कोजिमा, कांगावा आदी शास्त्रज्ञांना जठरात तयार होणारे 'घ्रेलिन' सापडले. हे त्याच्या उलट, भुकेची वर्दी देणारे संप्रेरक होय. जेवणाची वेळ जवळ आली की त्याची रक्तातील पातळी चढते आणि जेवल्यावर उतरते.

२००२ मध्ये अमेरिकेत एक छोटा पण महत्त्वाचा प्रयोग झाला. काही लठ्ठ व्यक्तींनी सहा महिने आहारनियंत्रण करून वजन सरासरी १७ टक्क्यांनी उतरवले. तेव्हा त्यांच्या रक्तातील घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यांचे शरीर हरवलेले वजन परत मागत होते! 'अमका मनावर घेत नाही, म्हणून बारीक होत नाही,' असे आपण किती सहज म्हणतो. त्या माणसाला आपल्याच शरीरातून उठणाऱ्या हाकेशी दररोज, दर जेवणाला झुंजावे लागते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

अशा शस्त्रक्रियांचा इतिहास १९५४ पासूनचा आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिने वजन उतरे, पण पुढे यकृत निकामी होणे, मूत्रपिंडात खडे होणे असे विकार होऊ लागले, आणि ती सोडून द्यावी लागली. १९६७ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी 'गॅस्ट्रिक बायपास' ही शस्त्रक्रिया मांडली. तिचे सुधारलेले रूप आजही वापरात आहे.

शहराबाहेरून जाणारा बायपास रस्ता तुम्ही पाहिलाच असेल. येथेही तसेच. जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग शरीरातच राहतात, पाचकरसही तयार करतात; पण अन्न त्या वाटेने जात नाही. दुसरी पद्धत 'स्लीव्ह' नावाची. तिच्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी मागे ठेवतात. आज या शस्त्रक्रिया बहुधा पोटावर छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने करतात.

आता ग्रीनव्हिलचे कोडे सोडवू. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो, आणि भुकेची वर्दी देणारा मंदावतो. बायपासमध्ये घ्रेलिनचे आकडे सर्व अभ्यासांत सारखे आलेले नाहीत. पण तेथे दुसरी गोष्ट घडते. अर्धवट पचलेले अन्न एरवी जेथे उशिरा पोहोचते, त्या आतड्याच्या खालच्या भागात ते लवकर येऊन थडकते. तेथील पेशी 'जीएलपी-१' आणि 'पीवायवाय' ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात सोडतात. ही संप्रेरके मेंदूला तृप्तीचा निरोप देतात. त्यांतील जीएलपी-१ तर स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यासही उद्युक्त करते. शिवाय खाणे एकदम कमी झाल्याने यकृतावरचा भारही हलका होतो. वजन उतरण्याची वाट न पाहता साखर का उतरली, याचा उलगडा बऱ्याच अंशी येथे होतो. जठर आणि आतडी पिशवीचे व नळीचे काम तर करतातच, पण त्याबरोबर ती मेंदूशी, स्वादुपिंडाशी अखंड बोलत असतात. शस्त्रक्रियेने हे बोलणेच बदलते.

शरीरात दिसणारे बदल

गुडघ्यापासून सुरुवात करू. चालताना गुडघ्याच्या सांध्यावर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, कारण तोल सावरण्यासाठी स्नायूही सांध्याला आवळून धरतात. गुडघे झिजलेल्या वजनदार प्रौढांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की शरीराचे वजन एक किलोने उतरले तर दर पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. वजन ३० किलोंनी घटले तर प्रत्येक पावलाला १२० किलोंचा भार कमी! जिना चढणे ही शिक्षा वाटणाऱ्या माणसाला काही महिन्यांत फिरायला जावेसे वाटू लागते, यात नवल नाही. गळ्याभोवतालची चरबी घटल्याने झोपेत श्वास अडणे कमी होते. रक्तदाबही अनेकांचा उतरतो.

काही रुग्ण सांगतात, "आता थंडी फार वाजते." चरबी ही उष्णतेची मंदवाहक आहे, म्हणजे अंगावरची गोधडीच म्हणा ना. गोधडी पातळ झाली. शिवाय लहान झालेले शरीर उष्णताही कमी निर्माण करते. मग थंडी वाजायचीच.

त्वचेचे काय होते ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. दोन सारखे फुगे घ्या. एक चांगला मोठा फुगवून आठवडाभर तसाच ठेवा आणि मग हवा सोडा. तो न फुगवलेल्या फुग्याशेजारी ठेवून पाहा. तो सैल, सुरकुतलेला दिसेल. मूळ आकारात परत येणार नाही. वर्षानुवर्षे ताणलेली त्वचाही अशीच स्थितिस्थापकत्वाची मर्यादा ओलांडून गेलेली असते. चरबी गेली तरी पोटावर, दंडांवर तिच्या घड्या लोंबत राहतात, घामाने चिघळतात. कधी ती त्वचा काढून टाकण्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

बायपास झालेल्या माणसाने सरबताचा पेला घटाघटा रिचवला तर अर्ध्या तासाच्या आत त्याला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, भोवळ येते. याला 'डम्पिंग' म्हणतात. याचे एक कारण तुम्ही शाळेत शिकला आहात, ते म्हणजे परासरण. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आतल्या दाट द्रावणाकडे पाणी ओढले जाते. जठरात थांबून हळूहळू पुढे जाण्याऐवजी साखरेचे दाट द्रावण एकदम आतड्यात उतरले, की रक्तातील पाणी आतड्यात ओढले जाते. त्यातच संप्रेरकांचाही एकदम भडका होतो. म्हणून अशा रुग्णाने गोड टाळावे, थोडे थोडे खावे, सावकाश चावून खावे, असे सांगतात.

आणखी एक बाब पुढे आयुष्यभर सांभाळावी लागते. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात. बायपासमध्ये अन्न तेथे जातच नाही. ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी जठरात स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन लागते. तेही आता अन्नाला नीट भेटत नाही. ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरेल एवढा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा आणि गुपचूप येते: रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. आपल्याकडील शाकाहारी लोकांत तर ही कमतरता मुळातच पुष्कळ आढळते. वारंवार उलट्या झाल्या तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपून मेंदूला इजा होऊ शकते. हाडे काही प्रमाणात विरळ होतात. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात. सुदैवाने ते बहुधा पुन्हा येतात. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी आणि रोजच्या गोळ्या यांतून सुटका नाही.

स्वीडनचा दीर्घ अभ्यास

हे सर्व नफ्यातोट्याचे जमाखर्च अखेर कोणत्या बाजूला झुकतात? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर स्वीडनमधून आले. १९८७ मध्ये तेथे एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले २,०१० रुग्ण आणि न केलेले, पण त्यांच्याशी शक्य तितके मिळतेजुळते २,०३७ रुग्ण, अशा दोन गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले.

बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. नंतर काही वजन परतले, पण दहा वर्षांनीही घट २५ टक्के टिकून होती. दुसऱ्या गटाचे वजन साऱ्या काळात जवळपास जागच्या जागी राहिले. २००७ मध्ये, सरासरी सुमारे ११ वर्षांनंतर, मृत्यूंची तुलना जाहीर झाली: शस्त्रक्रियेच्या गटात १०१, दुसऱ्या गटात १२९. २०२० च्या अहवालानुसार शस्त्रक्रियेने सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी लांबले. तरीही ते सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे लाभ खरा, पण पाटी कोरी होत नाही.

याच अभ्यासात रुग्णांना त्यांच्या मनःस्थितीविषयी, लोकांत मिसळण्याविषयीही वेळोवेळी विचारले गेले. त्या उत्तरांचा आलेख काढला तर तो वर्षभरात झपाट्याने वर चढतो, पहिल्या ते सहाव्या वर्षात हळूहळू काहीसा उतरतो आणि मग दहाव्या वर्षापर्यंत बराचसा सपाट राहतो. वजनाचा आलेखही असाच आहे. पहिल्या वर्षाचा आनंद साराच टिकत नाही. पण बरीच सुधारणा उरते.

मनाचे घड्याळ वेगळे

तुमच्या वर्गात कोणी सहा महिन्यांत एकदम उंच झाला असेल. तो दाराच्या चौकटीला डोके आपटून घेतो, हो ना? शरीर वाढले, पण मेंदूत असलेला शरीराचा नकाशा जुनाच राहिला. वजन भरभर उतरलेल्या माणसाचेही असेच होते. तो अरुंद जागेतून अजून अंग तिरके करून जातो, दुकानात जुन्याच मापाचे कपडे मागतो, आरशात त्याला जुनीच आकृती दिसते. हा नकाशा नव्याने रेखाटला जायला पुष्कळ वेळ लागतो.

दुसरा बदल भोवतालच्या माणसांत होतो. काल ज्यांनी बाकावर शेजारी बसायचे टाळले, ते आज हसून बोलतात. याने आनंद होतो, आणि रागही येतो: "मी तर तोच आहे; मग काल मी माणूस नव्हतो का?" १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शस्त्रक्रियेने वजन उतरलेल्या ४७ जणांना एक विचित्र प्रश्न विचारला गेला. पुन्हा पूर्वीइतके लठ्ठ होणे आणि अंधत्व किंवा एक पाय गमावणे, यांतले काय पत्कराल? बहुतेकांनी पाय किंवा डोळे गमावणे पत्करले. लठ्ठ राहून कोट्यधीश होणे तर एकालाही नको होते. चरबीचे ओझे एवढे जड खासच नसते. हे वजन आपल्या नजरांचे आणि चेष्टेचे होते.

घरातील नातीही हलतात. २०१८ मध्ये स्वीडनमधील नोंदींवरून दिसले, की शस्त्रक्रियेनंतर एकट्या असलेल्यांचे विवाह किंवा नवे संबंध जुळण्याचे प्रमाण वाढले. तसेच आधीपासून जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचे प्रमाणही वाढले.

काहींना खाण्यात दुःखावर उतारा सापडलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर ती वाट बंद होते, पण दुःख जागेवरच राहते. बायपासनंतर मद्य रक्तात फार लवकर आणि अधिक प्रमाणात चढते, हाही धोका असतो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षी ते वाढले नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्के झाले. युटा राज्यातील २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ७,९२५ जणांची तितक्याच इतरांशी तुलना केली. एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी झाले होते. पण अपघात, आत्महत्या अशा रोगाखेरीज अन्य कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. संख्या लहान असली तरी इशारा मोठा आहे. म्हणूनच चांगल्या रुग्णालयांत शल्यचिकित्सकाच्या बरोबरीने आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही असतात, आणि रुग्णाची भेट पहिल्या वर्षानंतर बंद होत नाही. मन खचले तर ते बोलून दाखवावे आणि मदत मागावी, हा उपचाराचाच भाग आहे.

तुमच्या वयाचे रुग्ण

अमेरिकेत अशी शस्त्रक्रिया झालेल्या २४२ किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर त्यांचे वजन सरासरी २७ टक्क्यांनी घटलेले होते आणि मधुमेह असलेल्यांपैकी बहुतेकांचा मधुमेह मागे हटला होता. पण ५७ टक्के मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा कमी झाला होता आणि १३ टक्क्यांना पोटावर पुन्हा काही ना काही शस्त्रक्रिया करावी लागली होती. ही मुले अतिलठ्ठ होती, थोडी गुबगुबीत नव्हेत, हे लक्षात घ्या. थोड्या वजनासाठी कोणी हा मार्ग सुचवला तर तो नाकारावा.

पोट आणि मेंदू यांच्या संभाषणाचे हे ज्ञान आता औषधांतही उतरले आहे. जीएलपी-१ ची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड हे औषध लठ्ठपणासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले. भारतात ते या कामासाठी २०२५ मध्ये आले. शस्त्रक्रियेविना वजन बरेच उतरते, पण औषध थांबवले की त्यातले पुष्कळसे परत येते. थर्मोस्टॅट आपली खूण विसरत नाही, हेच येथेही दिसते.

शिक्षकांनी वरील पोळीचा आणि एव्हरेस्टचा हिशोब वर्गात अवश्य करून घ्यावा. मुलांना त्यातून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम समजेल, आणि तो नियम खरा असूनही 'कमी खा, बारीक व्हाल' हे वाक्य पुरे का पडत नाही, तेही समजेल. हा हिशोब ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केला, तो वर्गातल्या जाड मुलाला टोपणनाव ठेवताना थांबेल. त्या मुलाला यासाठी कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज नाही, आणि हा उपाय आजपासून करता येतो.